याच्याहून मोठी नव्हती काय?

सेमाडोहला झाड तोडायला बंदी आहे, आणि सेमाडोहला झाड कापायच्या मशीनवाचून चालत नाही. या दोन गोष्टींचा मेळ बसत नसेल तर आषाढात परतवाड्याहून धारणीच्या एसटीत बसावं. घटांग मागे पडलं की जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकतं. साग, ऐन, धावडा, तिवस, मोवई, सालई. देशात व्याघ्र प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटचं नाव होतं, आणि १९७४ पासून हा वाघासाठी राखलेला मुलूख आहे. इथल्या उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची तर माणसाला आधी कागद, मग साहेब, मग पुन्हा कागद असा प्रवास करावा लागतो. वाऱ्याला यातलं काही लागत नाही. तो संध्याकाळी येतो, दोन-चार झाडं आडवी करतो आणि पंचनामा व्हायच्या आत तापीच्या दिशेने निघून जातो.

मग एसटी थांबते. ड्रायव्हर इंजिन लगेच बंद करत नाही, तोवर लोकांना आशा असते. त्याने किल्ली फिरवली की सगळे खाली उतरतात. हरिसालच्या शाळेत निघालेले गुरुजी घड्याळ पाहतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर फारसं दुःख दिसत नाही. खव्याचे डबे घेऊन निघालेला माणूस झाकणं चाचपून पाहतो. पडलेल्या झाडाभोवती कडं होतं. झाड नेमकं कुठून कापावं हे त्या कड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, कापायला मात्र कोणाजवळ काही नसतं. अशा वेळी कोणीतरी विचारतं, “मशीन निघाली काय?” कोणीतरी सांगतं, “निघाली सेमाडोहून.” ऐकणाऱ्याला वाटावं, मशीन एकटीच पायी चालत येते आहे.

मशीन एकटी येत नाही. तिच्यासोबत माझा भाचा येतो. रस्ता सांभाळणाऱ्या एका ठेकेदाराच्या गँगवर तो आहे, आणि पावसाळाभर त्याचा मुक्काम सेमाडोहला असतो. मशीन ठेकेदाराची, पण तिचे लाड भाचाच करतो. तिला तो घरात आणून ठेवतो, पुसतो, कानस मारतो. त्याच्या लग्नाचं पाहताना मुलीकडच्यांनी ‘मुलगा काय करतो’ विचारलं, तेव्हा माझ्या बहिणीने ‘चेनसॉवर असतो’ असं सांगितलं होतं. चेनसॉ हे एखादं तालुक्याचं गाव असावं अशी समजूत करून घेऊन त्यांनी माना डोलावल्या.

तर या भाच्याचा मला अमरावतीला फोन आला. “मामा, इकडे येऊन राह्यले ना? मंग परतवाड्याहून मशीनची पट्टी घेऊन येजा. जुनी गेली.”

चेनसॉची चेन ज्या लांबट पोलादी पात्याभोवती फिरते, त्या पात्याला आमच्याकडे पट्टी म्हणतात. दुकानात त्यालाच गाईड बार म्हणतात. पट्टी स्वतः काहीच कापत नाही. कापते ती चेन, जोर लावतं ते इंजिन, आणि घाम गाळतो तो भाचा. पट्टीचं काम एवढंच, की तिच्या कडेला जी बारीक खाच असते तिच्यातून चेनला सरळ पळू द्यायचं.

“गेली म्हणजे मोडली?” मी विचारलं.

“मोडली नाही. म्या सरळ धरतो, थे डाव्या अंगानं जाते. ओंडक्यात पार वाकडी होऊन अडकते. खाच फाकली.”

पट्टी अशीच मरते. खाचेच्या दोन्ही कडा चेनच्या घर्षणाने झिजतात, एक बाजू जास्त, दुसरी कमी. खाच रुंदावते, चेन तिच्यात कलते, आणि मग ती आपल्या कलाने कापायला लागते. हे लांबवायचं असेल तर पट्टी अधूनमधून उलटी करून बसवायची, म्हणजे वरची कड खाली जाते आणि झीज दोघींना सारखी वाटून मिळते. खाचेत साचलेला भुसा काढायचा, कडेला आलेली पोलादाची झालर कानशीने उडवायची. भाचा हे सगळं करत होता, त्यामुळे जुन्या पट्टीने बऱ्याच चेना खाल्ल्या. पण झिजायचं ते झिजतंच. मी ‘आणतो’ म्हणालो. पट्टी ती काय, परतवाड्यात मिळेल. शिवाय भाच्याने बोलण्याच्या ओघात सेमाडोहच्या रबडीचा उल्लेख केला होता.

परतवाडा हे लाकडाचं गाव. मेळघाटच्या पायथ्याशी बसून या गावाने पिढ्यान्‌पिढ्या सागवान पाहिलं, मोजलं, चिरलं आणि विकलं. इथल्या आरामशीनवरचा म्हातारा मिस्त्री ओंडक्याला नुसता हात लावून आत पोकळ आहे का सांगतो. सरकारी आगारात लाकूड घनमीटरने मोजतात आणि बाजारात त्याच लाकडाचा भाव घनफुटाने करतात, आणि यात कोणाचाही गोंधळ होत नाही. अशा गावात पट्टी मिळणं म्हणजे पंढरपुरात बुक्का मिळण्याइतकं सोपं, असं मानून मी दुकानात शिरलो. भिंतीवर पट्ट्याच पट्ट्या टांगलेल्या होत्या. लांब, आखूड, रुंद, निमुळत्या.

“चेनसॉची पट्टी द्या,” मी म्हणालो.

“कोणत्या मशीनची, काकाजी?”

“भाच्याच्या.”

दुकानदार सभ्य होता. तो हसला नाही. “कंपनी कोणती हाये?”

कंपनी मला माहीत नव्हती. मशीन मी पाहिली होती, तिचा रंग आठवत होता. “नारंगी आहे,” मी सांगितलं. त्याने मागच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे ओळीने मशीन मांडल्या होत्या. जर्मन, स्वीडिश आणि त्यांच्या चालीवर चालणाऱ्या चिनी, बहुतेक सगळ्या कुठे ना कुठे नारंगी. संत्र्याच्या मुलखात नारंगी रंग सांगून काही पत्ता लागत नाही, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं असं त्याला वाटलं असावं. तो म्हणाला, “जुनी पट्टी आणली काय?”

नव्हती आणली. कासार जसा हात पाहिल्याशिवाय बांगडी काढत नाही, तसा हा माणूस जुनी पट्टी पाहिल्याशिवाय नवी काढायला तयार नव्हता. मी भाच्याला फोन लावला. सेमाडोहला फोन लागणं हा निसर्गाचा भाग आहे. आभाळ, वारा आणि भाचा उभा असलेली जागा या तिन्हींवर ते अवलंबून असतं. नशिबाने लागला.

“जुनी पट्टी एसटीनं पाठवून दे,” मी म्हणालो.

“आन मधात झाड पडलं तर? दातानं कापू काय?”

त्याचं म्हणणं रास्त होतं. पट्टी लंगडत का होईना, चालत होती. मग दुकानदारानेच माझ्या हातातून फोन घेतला आणि दोघांचं बोलणं सुरू झालं. मी स्टुलावर बसून ऐकत राहिलो. त्यातून जे ज्ञान मला झालं ते असं.

पट्टी विकत घेणाऱ्याला वाटतं, इंच सांगितले की झालं. अठरा इंची, वीस इंची, बावीस इंची. प्रत्यक्षात इंच ही सगळ्यात शेवटी विचारायची गोष्ट. तेही पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचे नसतात. पट्टीचं बूड मशीनच्या पोटात शिरलेलं असतं. मशीनच्या तोंडापासून पट्टीच्या नाकापर्यंत, म्हणजे लाकडात शिरण्याजोगा जेवढा भाग बाहेर असतो, तेवढाच धरायचा. सुटी पट्टी टेपने मोजून वीस आली म्हणून कोणी वीस इंची मागितली, तर त्याच्या हाती जुनीहून लांब पट्टी पडते.

इंचांच्या आधी येते पिच. चेनमध्ये रिव्हेट असतात. लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर घ्यायचं आणि त्याचं निम्मं करायचं, ती पिच. हे निम्मं करण्याचं कारण असं की रिव्हेट सारख्या अंतरावर नसतात, एक जोडी जवळ आणि एक जोडी लांब असते. भाच्याने घरमालकाच्या पोराच्या कंपासपेटीतली पट्टी लावून अंतर सांगितलं, साडेसोळा मिलिमीटर. दुकानदाराने तिथल्या तिथे त्याचं निम्मं केलं, त्याचे इंच केले आणि म्हणाला, “पॉइंट तीन दोन पाच.” एकोणीस मिलिमीटर भरलं असतं तर ती तीन अष्टमांश इंचाची पिच. त्या तीन अष्टमांशातही पुन्हा दोन जाती, एक मोठ्या मशीनची उंच आणि एक लहान मशीनची ठेंगणी. आपल्या देशाने नाणी १९५७ मध्ये दशमान केली, शेर-मणही सोडले, पण चेनसॉच्या पोटात इंच अजून आपल्या अपूर्णांकांसह सुखाने नांदतो.

पिच जुळली नाही तर काय होतं? पट्टीच्या नाकात एक दातेरी चक्र असतं, आणि इंजिनच्या दांड्यावर दुसरं. दोघांचे दात चेनच्या पिचेचेच लागतात. एकाचा जरी हिशेब वेगळा निघाला, तर चेन दातांवर बसण्याऐवजी दातांवर चढते. मग ती एकतर फिरतच नाही किंवा फिरता फिरता आधी चक्र खाते, मग स्वतःला.

त्यानंतर गेज. चेनच्या पोटाला खाली जे दात असतात, ते पट्टीच्या खाचेतून पळतात. त्या दातांची जाडी म्हणजे गेज. ०.०४३, ०.०५०, ०.०५८, ०.०६३ इंच अशी ही बारीकसारीक भावंडं आहेत. शेवटच्या दोघांत इंचाच्या पाच हजारांश भागाचा फरक, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा हिस्सा. पण जाड चेन बारीक खाचेत जातच नाही, आणि बारीक चेन रुंद खाचेत गेली तर पहिल्या दिवसापासून डुलत चालते. म्हणजे फाकलेल्या जुन्या पट्टीचं दुखणं नव्या पट्टीला पहिल्या दिवशीच लागतं.

हे काही कंपासपेटीने मोजता येण्यासारखं नव्हतं. भाच्याने शिकस्त केली. चेनच्या दातावर पट्टी ठेवून तो “दीड हाये, दीडच्या वर थोडं हाये, नाही, दीडच हाये” असं सांगत राहिला. शेवटी दुकानदार म्हणाला, “दादा, चेन जरा रॉकेलनं पूस. खालच्या दातावर आकडा असंन, थो पाहून सांग.” थोडा वेळ फोनमधून फक्त सिपना नदीचा किंवा नेटवर्कचा आवाज येत राहिला. मग भाचा ओरडला, “एकवीस!”

दुकानदाराचा चेहरा फुलला. ती चेन ओरेगन कंपनीची होती, आणि तिच्या भाषेत एकवीस म्हणजे पिच पॉइंट तीन दोन पाच, गेज पॉइंट झिरो फाइव्ह एट. वीस असतं तर गेज पन्नास, बावीस असतं तर त्रेसष्ट. इतका वेळ जे आम्ही तिघं मिळून मोजत होतो ते चेनच्या पोटावर आधीच लिहिलेलं होतं, फक्त त्यावर तेल आणि भुशाचा थर होता.

पुढे चेनचे दात मोजायचे आले. खालचे दात किती, यावर पट्टीची लांबी पक्की होते. चेन गोल. कुठून सुरुवात केली हे मोजणाराच विसरतो. भाच्याचा आकडा एकदा पंचाहत्तर आला, एकदा सत्त्याहत्तर. “एका दाताले खडू लाव आन तिथून मोज,” दुकानदाराने सांगितलं. खडू लावल्यावर शहात्तर आले. गोल वस्तूला सुरुवात नसते, ती द्यावी लागते. जनगणनेत घरांवर खडूने आकडे का टाकतात हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

एवढं सगळं जुळल्यावर पट्टी काढायला काय हरकत होती? पण दुकानदार म्हणाला, “आता शेपटी.”

पट्टीच्या बुडाला एक लांबट खाच असते, तिच्यातून मशीनचे बोल्ट जातात. त्या खाचेची रुंदी मशीनप्रमाणे वेगळी. तिच्या शेजारी एक भोक असतं, त्यात चेन ताणायच्या स्क्रूची खुंटी बसते. आणि आणखी एक बारीक भोक असतं तेलाचं. मशीनच्या पोटातून तेल येतं ते या भोकातून खाचेत उतरतं आणि चेन ते आपल्याबरोबर ओढून नाकापर्यंत नेते. शेपटी दुसऱ्या मशीनची असेल, तर एखादेवेळी बोल्ट बसतात, खुंटीही बसते, चेन फिरतेसुद्धा. फक्त तेलाचं भोक तेलासमोर येत नाही. पट्टी कोरडी चालते, तापते, निळी पडते, आणि चालवणारा म्हणतो, माल हलका दिला. दुकानदाराने हे सांगताना भिंतीकडे असं पाहिलं, की असे बरेच चालवणारे त्याच्याकडे परत आलेले असावेत.

शेपटी फोनवरून सांगता येत नाही. तिचा फोटो पाठवायचं ठरलं. भाच्याने पाठवला, तो सेमाडोहच्या आकाशात एका टिकवर अडकून राहिला. तेव्हा दुकानदाराने जुना उपाय काढला. वहीच्या कागदावर पट्टी ठेवून शेपटीभोवती पेन्सिल फिरवायची, भोकांच्या आतूनही फिरवायची, आणि कागद सकाळच्या एसटीने ड्रायव्हरजवळ द्यायचा. मी त्या रात्री परतवाड्याला साडभाऊंकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी कागद आला. घरमालकाच्या पोराच्या गणिताच्या वहीचं पान होतं ते. वर लसावि-मसावि आणि खाली पट्टीची शेपटी. दुकानदाराने एक पट्टी काढून त्या चित्रावर ठेवली. भोकावर भोक आलं. “हे घ्या,” तो म्हणाला.

पट्टीवर छापलेला आकडा त्याने मला वाचून दाखवला, कदाचित पुढच्या वेळी मी एकटाच येईन या धास्तीने. या कंपनीच्या आकड्यात पहिले दोन अंक लांबीचे, तिसरा गेजचा आणि शेवटचं अक्षर व त्यामागचे अंक शेपटीचे. दोनशे आठने सुरुवात झाली तर वीस इंच आणि गेज अठ्ठावन्न. म्हणजे पट्टीची सगळी कुंडली तिच्या बुडाशी लिहिलेली असते. अडचण एवढीच, की ती वाचायची गरज पडते तेव्हा पट्टी म्हातारी झालेली असते आणि अक्षरं तेल-मातीखाली गेलेली असतात. नवी असताना ते कोणी वाचत नाही.

मी दुकानात शिरलो तेव्हा काहीतरी निवडायला आलो होतो अशी माझी समजूत होती. भिंतभर पट्ट्या समोर असताना तशी समजूत होणं साहजिक आहे. निघताना कळलं, की निवडायला तिथे काही नव्हतंच. ठेकेदाराने ज्या दिवशी मशीन घेतली त्या दिवशी पिच ठरली, गेज ठरलं, शेपटी ठरली. मला फक्त त्याने काय निवडलं होतं ते शोधून काढायचं होतं. घरातल्या बहुतेक खरेद्या खरं तर अशाच असतात. मिक्सरचं भांडं, कुकरची रिंग, चष्म्याची काडी, कधीकधी सूनही.

एकच गोष्ट मोकळी होती, लांबी. तीही थोडीशीच. पिच, गेज, शेपटी तीच ठेवून दोन इंच मोठी पट्टी बसवता येते, फक्त चेन त्या मापाची नवी घ्यावी लागते. दुकानदार म्हणाला, येणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो. वीस इंची जाऊन बावीस बसंन काय? बावीसवाला चोवीस मागतो. झाड तेवढं मोठं आहे म्हणून नाही. अठ्ठावीस इंच जाडीचं झाडही वीस इंची पट्टीने दोन बाजूंनी कापता येतं, हे त्यांनाही माहीत असतं. पण खांद्यावर लांब पट्टी घेऊन गावातून जाताना वेगळं वाटतं, त्याला दुकानदार तरी काय करणार! तो त्यांना समजावतो. चेन लांब झाली की इंजिनला ती ओढायला जोर जास्त लागतो, तेल पुरत नाही, धार बसलेली असूनही मशीन लाकडात दम तोडते. आणि पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा लाकडाला नकळत टेकला, तर मशीन उसळून चालवणाऱ्याच्याच अंगावर येते. नाक जितकं लांब, तितकं ते कुठे टेकतंय हे कमी दिसतं. “हे सगळं सांगतो,” दुकानदार म्हणाला, “मंग थे म्हणते, ठीक हाये, चोवीसच द्या.”

मी वीसच घेतली.

धारणीच्या एसटीत पट्टी मांडीवर आडवी ठेवून बसलो. तिच्यावरचं ओरेगन हे नाव अमेरिकेतल्या एका राज्याचं आहे, आणि त्या नावामागे एक गोष्ट आहे. साखळीने कापायची कल्पना जुनी. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या दोन डॉक्टरांनी हाताने फिरवायची लहानशी दातेरी साखळी वापरली, ती अडलेल्या बाळंतपणात हाड कापण्यासाठी. त्या बायांची आठवण काढली की चेनसॉचा आवाज कर्कश वाटेनासा होतो. लाकडासाठी मशीन आली ती विसाव्या शतकात. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी केली. वजन ६४ किलो, दोन माणसांनी उचलायची, आणि जंगलात वीज कुठून आणायची हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. पुढल्या वर्षी एमिल लेर्प यांनी पेट्रोलवरची मशीन डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली. एका माणसाला पेलेल अशी श्टीलची मशीन १९५० साली आली.

पण इंजिन सुधारलं तरी चेन सुधारत नव्हती. करवतीच्या दातांसारखे दात साखळीवर बसवलेले, ते पटकन बोथट व्हायचे आणि पुन्हा पुन्हा धार मागायचे. १९४६ मध्ये ओरेगनच्या जंगलात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी पाहिली. अंगठ्याएवढी अळी लाकडाच्या रेषेसोबतही खात होती आणि रेषेला आडवंही खात होती, तितक्याच सहजतेने. कॉक्स तिच्या तोंडाकडे पाहत बसला. तिचे जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालत होते. त्याने चेनला तसेच वळलेले दात दिले, एक डावा, एक उजवा. पुढल्या वर्षी पोर्टलंडमध्ये आपल्या घराच्या तळघरात कारखाना काढला. आज जगात चालणाऱ्या बहुतेक चेना त्या अळीच्या वंशातल्या आहेत. ‘दातानं कापू काय’ असं भाचा चिडून म्हणाला होता, पण मशीन कापते ती दातानेच, आणि ते दात किड्याचे आहेत.

सेमाडोहला पोहोचल्यावर भाच्याने चहाच्या आधी पट्टी हातात घेतली. जुनी काढली, चेनचं घर घासून पुसलं, नवी बसवली, ताण दिला, चेन हाताने ओढून पाहिली. चेन सुरळीत फिरली. खाली लोंबली नाही, वर अडली नाही. मशीन चालू करून त्याने पट्टीचं नाक एका फळकुटासमोर धरलं. फळकुटावर तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे भोकासमोर भोक आलं होतं. माझ्या दोन दिवसांच्या यात्रेचं सार्थक झालं. भाच्याने मशीन बंद केली, पट्टी एकदा आडवी, एकदा उभी धरून पाहिली आणि म्हणाला, “मामा, याच्याहून मोठी नव्हती काय?”

रात्री पाऊस झाला. सकाळी कोलकासच्या बाजूला एक ऐन आडवा पडल्याचा निरोप आला. मीही गँगबरोबर गेलो. नवी पट्टी सरळ गेली, लोण्यातून नाही, ऐनातूनच, पण सरळ गेली. रस्त्याच्या रुंदीएवढा तुकडा मोकळा झाला. मग सगळ्यांनी मिळून तो ढकलत कडेला नेला आणि तिथेच सोडला. एवढं चांगलं लाकूड. माझ्यातला अमरावतीकर हळहळला. परतवाड्याच्या बाजारात याचे घनफुटाने पैसे झाले असते.

“न्याले चालत नाही,” भाचा म्हणाला. जंगलाच्या खटल्यांत गोदावर्मन यांचं नाव मोठं आहे. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी आदेश दिला, की राष्ट्रीय उद्यानांतून आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, मरायला टेकलेली, वाऱ्याने पडलेली झाडं काढायची नाहीत, वाहून आलेलं लाकूड नाही आणि गवतही नाही. वाऱ्याने झाड पाडलं तरी ते माणसाचं होत नाही, जंगलाचंच राहतं. जुन्या पोकळ खोडांत घुबडं घरं करतात. १८८४ नंतर शतकाहून जास्त काळ कोणाला न दिसलेलं, १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेलं रानपिंगळा नावाचं छोटं घुबड या मेळघाटातही आहे, आणि त्यालाही झाडाची ढोलीच लागते. आडव्या ओंडक्यावर अळंबी येतात, वाळवी येते. आणि भुंगे येऊन सालीच्या फटीत अंडी घालतात. म्हणजे आमच्या चेनने कापलेला तो ऐन शेवटी जाणार होता तो चेनच्या गुरूच्याच घराण्याकडे. न्यायालयाच्या हुकमाने गुरुदक्षिणा पोहोचती होत असल्याचं हे उदाहरण दुसरीकडे कुठे सापडेलसं वाटत नाही.

ओंडक्यावर बसून मी ही सगळी अळीची हकीकत भाच्याला सांगितली. वरून हेही सांगितलं, की तिला पट्टी बदलायला परतवाड्याला जावं लागत नाही. वाढता वाढता ती कात टाकते आणि कातीसोबत जबड्याची जुनी, झिजलेली धारही टाकून देते. नवा जबडा येतो तो आधीच्याहून मोठा, आणि तरी नेमका बसतो, कारण तोवर त्याला चालवणारं अंगही वाढलेलं असतं. पिच, गेज, शेपटी, सगळं आपोआप जुळतं. “तेव्हा मोठी पट्टी मिळते,” मी म्हणालो, “पण तिच्याआधी इंजिन मोठं व्हावं लागतं.”

भाचा विचारात पडला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “मंग मामा, मोठी मशीनच कितीले येते, थे विचारून येजा पुढच्या टायमाले.”